‘प्रोबायोटिक’ : संज्ञेचा आणि उपचाराचा इतिहास

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील रशियन प्राणिशास्त्रज्ञ एलि मेचनिकॉफ ह्यांनी ८ जून १९०४ रोजी वार्धक्य ह्या विषयावर एक जाहीर व्याख्यान दिले. शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, ह्या शोधामुळे त्यांचे नाव तोपर्यंत सर्वतोमुखी झाले होते, आणि त्याच कार्यासाठी १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळावयाचे होते. मुंबईत प्लेगची लस सिद्ध करणारे हाफकिन हे ओडेसा येथे त्यांचेच विद्यार्थी होते. परळच्या संस्थेमुळे शिष्याचे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले, गुरूचे तितकेसे झाले नाही, इतकेच.

मेचनिकॉफ ह्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : माणसाच्या मोठ्या आतड्यात अन्नाचा अवशेष कुजविणारे जीवाणू असतात, त्यांच्यापासून फिनॉल, इंडोल इत्यादी विषारी द्रव्ये निघून रक्तात मिसळतात, रक्तवाहिन्या कठीण होऊन अकाली वार्धक्य येते ते ह्या विषांमुळे. दुधातील साखरेचे आम्ल करणाऱ्या जीवाणूंच्या सान्निध्यात कुजविणारे जीवाणू वाढत नाहीत, हे दुधाच्या नासण्याविषयीच्या अभ्यासातून ठाऊक झालेले होते. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध विपुल पितात आणि दीर्घायुषी असतात, अशी माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. ह्या तिन्ही गोष्टी एकत्र जोडून, असे दूध आहारात घेतल्यास आतड्यातील विषांचे प्रमाण कमी होईल असे मानण्यास जागा आहे, एवढेच सावध अनुमान त्यांनी काढले. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह ह्या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनीव्हा येथे त्या दुधातील जीवाणू वेगळा केला; १९०७ मध्ये मेचनिकॉफ ह्यांचा आयुर्वर्धनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु वृत्तपत्रांना अनुमानाची सावधगिरी छापावयाची नव्हती. वार्धक्यावर उपाय सापडला, ही वार्ता युरोप-अमेरिकेत पसरली, आणि औषधविक्रेत्यांच्या फळ्यांवर मेचनिकॉफ ह्यांच्या नावाचा आधार घेणाऱ्या गोळ्या, पुड्या व आंबट दुधाच्या बाटल्या दिसू लागल्या. आतड्यातील विषांची भीती इतकी पसरली होती की, लंडनमध्ये आर्बथनॉट लेन ह्यांच्यासारखे शल्यवैद्य बद्धकोष्ठावर उपाय म्हणून मोठे आतडेच काढून टाकीत असत. त्या मानाने आंबट दुधाचा पेला निरुपद्रवी म्हणावयाचा. स्वतः मेचनिकॉफ तो नियमाने घेत; १९१६ मध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी हृदयविकाराने त्यांचा अंत झाला, तेव्हा उपहास करणाऱ्यांना निमित्तच मिळाले.

उपहासापेक्षा अधिक महत्त्वाचा आक्षेप अमेरिकेतील येल विद्यापीठातून आला. लिओ रेट्गर आणि हॅरी चेप्लिन ह्यांनी आपल्या प्रयोगांचा विस्तृत वृत्तान्त १९२१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, बल्गेरियन दुधातील जीवाणू तोंडावाटे कितीही दिला तरी आतड्यात वस्ती करीत नाही. ‘अ‍ॅसिडोफिलस’ नावाचा त्याचा एक सगोत्र जीवाणू मात्र तेथे टिकू शकतो. वरवर पाहता हा एका नावाच्या जागी दुसरे नाव घालण्याचा किरकोळ पालट होय. वस्तुतः त्यात एक मोठी गोष्ट प्रथमच सिद्ध झाली. ‘दुधाचे जीवाणू हितकर आहेत’ ह्या वाक्याची सत्यासत्यता ठरविताच येत नाही. कोणता जीवाणू, कोणत्या कामासाठी, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य अपुरेच राहते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, येथे पुरावा मिळतो तो विशेषनामाविषयी आणि विधान केले जाते ते सामान्यनामाविषयी. पुढील शंभर वर्षांचा वाद ह्या एका विसंगतीभोवती फिरत राहिलेला दिसतो.

प्रारंभीच्या संशोधकांना ती जाणवत होती, असे त्यांच्या कामावरून म्हणता येते. पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवर आतड्याच्या रोगाने सैन्य हैराण झालेले असता एका सैनिकाला काहीच झाले नाही. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्ले ह्यांनी १९१७ मध्ये त्याच्या मळातून ‘एशेरिकिया कोलाय’ ह्या जातीचा एक वाण वेगळा केला. ह्याच जातीचे दुसरे वाण प्राणघातक अतिसार घडवितात, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १९२० च्या सुमारास फ्रेंच संशोधक आंरी बुलार ह्यांनी इंडोचीनमध्ये पटकीच्या साथीत लोक फळांच्या सालींचा काढा घेतात हे पाहून त्या सालींवरील एक किण्व मिळविले. क्योटो येथे मिनोरू शिरोता ह्यांनी १९३० मध्ये आम्ल व पित्त ह्यांना तोंड देऊ शकणारा लॅक्टोबॅसिलसचा वाण वाढविला, आणि १९३५ मध्ये त्याचे पेय ‘याकुल्ट’ ह्या नावाने विक्रीस आले. तिघांच्याही हाती एकेक विवक्षित वाण होता, आणि तिघांनीही त्याच्याविषयीच बोलणे पसंत केले. ह्या सर्वांना एकत्र बांधणारा शब्द तेव्हा अस्तित्वात नव्हता.

तो शब्द आला प्रतिजैविकांच्या पाठोपाठ. सेलमन वाक्समन ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात ‘अँटिबायोटिक’ हे नाम रूढ केले, आणि त्याचा प्रतिशब्द म्हणून जर्मनीत वेर्नर कोलाथ ह्यांनी १९५३ मध्ये ‘प्रोबायोटिका’ हा शब्द वापरला. त्यांच्या मनात जीवाणू नव्हते. आरोग्यपूर्ण जीवनाला आवश्यक असणारी आहारद्रव्ये होती. पुढच्याच वर्षी फेर्गिन ह्यांनी प्रतिजैविकांमुळे आतड्यातील सूक्ष्मजीवसृष्टीची जी हानी होते तिच्या संदर्भात तो वापरला. १९६५ मध्ये लिली आणि स्टिलवेल ह्यांनी त्याला निराळाच अर्थ दिला : एका सूक्ष्मजीवाने निर्माण केलेले आणि दुसऱ्याच्या वाढीस उत्तेजन देणारे द्रव्य. ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ मध्ये जनावरांच्या खाद्यातील प्रतिजैविकांवर निर्बंध सुचविले. त्यानंतर पर्यायांचा शोध सुरू झाला आणि १९७४ मध्ये पार्कर ह्यांनी हा शब्द पशुखाद्याच्या क्षेत्रात आणला. १९८९ मध्ये रॉय फुलर ह्यांनी केलेल्या व्याख्येत जीवाणूंच्या जिवंतपणाची अट आली, परंतु तीही खाद्यातील पूरक द्रव्याचीच व्याख्या होती. आज कॅप्सूलच्या डबीवर जो शब्द झळकतो तो असा गोठ्यातून आणि कोंबड्यांच्या खुराड्यातून आलेला आहे.

शब्दाच्या घडणीविषयीही थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. ‘अँटिबायोटिक’ हा शब्द अथपासून इतिपर्यंत ग्रीक आहे. ‘प्रोबायोटिक’मधील ‘बायोटिक’ ग्रीक असले तरी ‘प्रो’चा अभिप्रेत अर्थ लॅटिनमधला आहे, ग्रीकमध्ये तो उपसर्ग प्रामुख्याने ‘पूर्वी’ किंवा ‘पुढे’ असा अर्थ देतो, तर ‘च्या बाजूचा’, ‘च्या हिताचा’ हा अर्थ लॅटिनचा. म्हणजे हा संकरज शब्द आहे. भाषेत संकराचे वावडे नसते. पण विरोधी जोडीतील दुसरे पद म्हणून घडलेल्या शब्दाला पहिल्याची छाया चिकटते. प्रतिजैविक मारते, म्हणून हे तारते. त्याचे दुष्परिणाम आहेत, म्हणून ह्याचे नसणार. हे अनुमान कोणी उच्चारून दाखवीत नाही, शब्दांची जोडीच ते करून टाकते. मराठीत ‘अँटिबायोटिक’ला ‘प्रतिजैविक’ हा शब्द रुळला. ‘प्रोबायोटिक’ला मात्र तसा सर्वमान्य पर्याय रुजला नाही आणि मूळ शब्दच देवनागरीत लिहिला जातो. मराठीत ‘जंतू’ हा शब्द बोलीत जवळजवळ निंदाव्यंजक झालेला असल्यामुळे ‘हितकर जंतू’ ही शब्दसंहती कानाला खटकते, हे त्याचे एक कारण असावे. एरवी ह्या व्यवहाराचा अनुभव मराठी घराला फार जुना आहे. ‘विरजण’ हा शब्द चमचाभर दह्याने पातेलेभर दूध पालटते ह्या क्रियेतून आला, आणि त्याच शब्दाने उत्साहावर ‘विरजण पडणे’ हा वाक्प्रचारही दिला. दुधात पडलेली वस्तू त्याचे दही करील की ते नासवील, हे त्या वस्तूवर आणि दुधाच्या अवस्थेवर अवलंबून असते, ही जाण एका शब्दात दोन्ही बाजूंनी टिकून राहिली आहे.

ऑक्टोबर २००१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्दोबा येथे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी बोलाविलेल्या तज्ज्ञांनी आज प्रमाण मानली जाणारी व्याख्या निश्चित केली. तिचा आशय असा की, पुरेशा प्रमाणात दिले असता घेणाऱ्याच्या आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एका निवेदनाने तिचीच पुष्टी केली, आणि वाण निश्चित न केलेले दही, ताक इत्यादी आंबविलेले पदार्थ ह्या संज्ञेत येत नाहीत असा खुलासा केला. व्याख्या नेटकी आहे. तथापि तिच्यात एक अडचण आहे. लाभ हा तिच्यात गुणधर्म म्हणून येत नाही, लक्षण म्हणून येतो. त्यामुळे ‘ह्या प्रोबायोटिकचा काही लाभ झाला नाही’ हे वाक्य वदतोव्याघात ठरते, आणि ‘ह्या प्रोबायोटिकने अपाय केला’ ह्या वाक्याला तर तर्कदृष्ट्या जागाच उरत नाही. जे सिद्ध करावयाचे तेच नावात गृहीत धरलेले आहे. ही अडचण केवळ पंडिती नव्हे, हे युरोपीय संघाच्या व्यवहारावरून दिसते : वेष्टनावर हा शब्द छापणे हाच आरोग्यविषयक दावा होय, अशी भूमिका तेथे घेण्यात आली, आणि नियामक यंत्रणेने तपासलेले असे दावे जवळपास सर्वच अमान्य केल्यामुळे बहुतेक सदस्यराष्ट्रांत तो शब्द वेष्टनावरून नाहीसा झाला. इटलीसारख्या काही देशांनी स्वतःपुरती सवलत ठेवली.

आता पुराव्याकडे वळता येईल. जो लाभ सिद्ध झाला आहे तो क्षुल्लक नाही. प्रतिजैविके घेणाऱ्या रुग्णांना ‘क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल’ ह्या जीवाणूमुळे होणारा अतिसार कधी प्राणांवर बेततो; २०१७ मध्ये ३१ चाचण्यांचा एकत्र विचार करता, सोबत प्रोबायोटिक दिल्यास त्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटते असे आढळले, मात्र हा लाभ मुख्यतः ज्यांना तो धोका मुळातच मोठा होता त्यांच्यापुरता स्पष्ट होता. निस्ले ह्यांचा वाण बृहदांत्राच्या व्रणयुक्त दाहात रोग पुन्हा उलटू न देण्याच्या कामी रूढ औषधाच्या तोडीचा ठरला. उलट बाजूस, इंग्लंड व वेल्समधील २,९४१ वृद्ध रुग्णांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रतिजैविकजन्य अतिसार टाळण्यास काहीही मदत झाली नाही. मुलांच्या अतिसारावर वर्षानुवर्षे सर्रास दिल्या जाणाऱ्या वाणांची २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ मुलांवर परीक्षा झाली; निरौषध पूड दिलेली मुले आणि ही मुले सारख्याच वेळात बरी झाली. निरोगी प्रौढाने ‘प्रकृतीसाठी’ म्हणून रोज एक कॅप्सूल घेतल्यास त्याला काय मिळते, ह्या प्रश्नाला अद्याप ठोस उत्तर नाही. अपाय बहुधा होत नाही, क्वचित पोट फुगते, पैसा मात्र निश्चित खर्च होतो. प्रतिजैविकांनंतर आतड्यातील उजाड झालेली सृष्टी ह्या कॅप्सूलांनी लवकर भरून येते, ही समजूत तर २०१८ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या प्रयोगाने उलटीच ठरविली. प्रयोग लहान होता, २१ स्वयंसेवकांचा. पण अकरा वाणांचे मिश्रण घेणाऱ्यांची मूळ सूक्ष्मजीवसृष्टी परत येण्यास, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा बराच अधिक काळ लागला. नव्या पाहुण्यांनी घरच्यांची वाट अडविली होती.

धोक्याची जाणीव वैद्यकाला खऱ्या अर्थाने झाली ती नेदरलँड्समध्ये. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात आतड्यातील जंतू बाहेर पडून मृत पेशीसमूहात शिरतात व रुग्ण दगावतो. हंगेरीत २००२ मध्ये ४५ रुग्णांच्या लहानशा चाचणीत ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’च्या एका वाणाने हा संसर्ग कमी केल्याचे दिसले होते. त्यावरून स्फूर्ती घेऊन डच रुग्णालयांनी सहा वाणांचे एक मिश्रण निवडले आणि २००४ ते २००७ ह्या काळात २९८ रुग्णांवर, नळीवाटे थेट लहान आतड्यात सोडून, त्याची परीक्षा केली. फेब्रुवारी २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ समान होते, मृत्यूंचे नव्हते. निरौषध गटात ६ टक्के रुग्ण मरण पावले, प्रोबायोटिक गटात १६ टक्के. नऊ रुग्णांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खुंटला, आणि ते नऊही प्रोबायोटिक गटातील होते. हंगेरीतील वाण वेगळा, नेदरलँड्समधील मिश्रण वेगळे. एका वाणाविषयीचा पुरावा दुसऱ्यांना लागू पडेल असे गृहीत धरले गेले, त्यात दोघांना झाकणाऱ्या नावाचा वाटा मोठा होता असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्यानंतर इतर नोंदीही गंभीरपणे पाहिल्या जाऊ लागल्या. बुलार ह्यांच्या किण्वाची कॅप्सूल रुग्णाच्या खाटेजवळ उघडली असता त्याची भुकटी शिरेतील नळीवर बसून रक्तात किण्वसंसर्ग होतो, असे वृत्तान्त साचत गेले; २०१७ मध्ये युरोपीय औषधनियामक यंत्रणेने अत्यवस्थ रुग्णांना व मध्यवर्ती शिरेत नळी असलेल्यांना ते देण्यास मनाई सुचविली. २०१९ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयातील अभ्यासात, अतिदक्षता विभागात ‘रॅम्नोसस’ वाण दिलेल्या ५२२ रुग्णांपैकी ६ जणांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस सापडला. न दिलेल्या २१,६५२ रुग्णांमध्ये असे केवळ २ होते. रक्तातील जीवाणू कॅप्सूलमधलाच होता, हे जनुकीय तुलनेने निश्चित झाले. निस्ले ह्यांच्या कीर्तिमान वाणातही डीएनएला इजा करणारे ‘कोलिबॅक्टिन’ बनविणारा जनुकसमूह आढळला आहे; शंभर वर्षे परिचय असलेल्या वाणाविषयीही अद्याप नवे काही कळते, असा त्याचा अर्थ. २०२० मध्ये तर ‘लॅक्टोबॅसिलस’ ह्या प्रजातीचीच फाळणी झाली. तिच्यातील २६१ जाती २५ प्रजातींत वाटल्या गेल्या. वेष्टनांवर येणाऱ्या प्रमुख जातींच्या नव्या नावांचा आरंभ मुद्दाम ‘एल’ ह्या अक्षराने केला गेला, म्हणजे वेष्टनांवरील संक्षेप बदलावयास नको. वर्गीकरणशास्त्राने भिन्नता मान्य केली, आणि आद्याक्षराने ती पुन्हा झाकली.

भारतात भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत वाणाची जनुकीय ओळख पटविण्याची आणि वेष्टनावर वाणाचे नाव देण्याची अपेक्षा होती. २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मान्य सूक्ष्मजीवांची यादी दिली आणि रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत सूक्ष्मजीव असावेत असे ठरविले. संख्येचा नियम पाळणे व तपासणे सोपे. अमुक वाण अमुक विकारावर खरोखर उपयोगी आहे काय, हे संख्येने कळत नाही.

ह्या सर्व इतिहासाची कसोटी ज्या एका ठिकाणी लागते ते म्हणजे नवजात अर्भक. जन्मतः आतडे जवळजवळ रिकामे असते; प्रथम कोण वस्ती करतो ह्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ओडिशातील खेड्यांत ४,५५६ अर्भकांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुले जवळजवळ पूर्ण दिवसांची, किमान दोन किलो वजनाची, अंगावर पिणारी आणि जन्मतः निरोगी होती. ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’चा एक विवक्षित वाण व त्याचे खाद्य म्हणून एक प्रकारची शर्करा त्यांना केवळ सात दिवस देण्यात आली. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस किंवा मृत्यू ह्यांचे एकत्रित प्रमाण निरौषध गटात ९ टक्के, तर ह्या गटात ५.४ टक्के राहिले. इतक्या अल्प खर्चात इतका लाभ देणारे उपाय बालवैद्यकात फार नाहीत.

अकालजात अर्भकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या आतड्याचा भाग मृत होण्याचा जो भयंकर विकार असतो तो टळावा म्हणून अनेक देशांत त्यांना प्रोबायोटिक दिले जाते, आणि अनेक चाचण्यांच्या बेरजेवरून तो टळण्यास मदत होते असे दिसते. परंतु त्या बेरजेत भिन्न वाण एकत्र मिसळलेले असतात. आग्नेय इंग्लंडमध्ये १,३०० हून अधिक अकालजात अर्भकांवर ‘बिफिडोबॅक्टेरियम’च्या एकाच वाणाची चाचणी झाली तेव्हा काहीही लाभ आढळला नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एक अकालजात अर्भक बुरशीच्या संसर्गाने मरण पावले. बुरशी पूरकाच्या भुकटीत भेसळीने आलेली होती. अमेरिकेत ही पूरके अन्नाच्या सदरात विकली जात असल्यामुळे औषधाला लागणारी शुद्धतेची परीक्षा त्यांना लागू नव्हती. २०२३ मध्ये एक किलोहून कमी वजनाचे आणखी एक अर्भक दगावले; ह्या वेळी भेसळ नव्हती, रक्तात सापडला तो डबीवर नाव असलेला ‘बिफिडोबॅक्टेरियम’च होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना इशारा दिला, उत्पादकांनी माल मागे घेतला, आणि अनेक विभागांनी हा उपचार थांबविला. काही नवजातशिशुतज्ज्ञांनी त्यावर आक्षेप घेतला की, एका मृत्यूची नोंद डोळ्यांना दिसते, उपचार थांबल्याने आतड्याच्या विकाराने होणारे मृत्यू कोणाच्या नावावर मांडले जात नाहीत. कॅनडा व ऑस्ट्रेलियातील अनेक विभागांनी उपचार चालू ठेवला. सव्वीस आठवड्यांच्या अर्भकाला ते द्यावयाचे की नाही, हे अजून पुष्कळ अंशी ते कोणत्या देशात जन्मले ह्यावर ठरते.